एकवीस दिवसांचा तक्ता

आमच्या ह्यांनी आयुष्यभर कारखान्याच्या प्लॅनिंग विभागात काम केलं, आणि रिटायर होताना तो विभाग बरोबर घरी आणला. भोपाळच्या आमच्या टाउनशिपमध्ये एलटीसी मिळायची, म्हणजे काही वर्षांनी एकदा कुटुंबासकट फिरायला जायचं आणि प्रवासाचं भाडं कंपनी द्यायची. ज्याची पाळी यायची तो आधी रजेचा अर्ज द्यायचा आणि मग आमच्या क्वार्टरचं दार वाजवायचा. हे त्याला ग्राफपेपरवर तीन रंगांच्या पेन्सिलींनी तक्ता आखून द्यायचे. त्या तक्त्याबरहुकूम गेलेली माणसं बारा दिवसांत अठरा गावं उरकून यायची आणि पुढचा आठवडा झोपून काढायची. "दिगंबर साहब, रेलवे को भी आपसे पूछके चलना चाहिए," असं शेजारचे तिवारीजी म्हणायचे. ह्यांना ते कौतुकच वाटायचं.

आम्ही टाउनशिपजवळच्या सोनागिरी वस्तीत स्वतःच्या घरात राहायला गेलो त्या वर्षी वंदनाचा फोन आला. वंदना आमची एकुलती एक मुलगी. वेल्समध्ये समुद्रकाठी स्वान्सी नावाचं शहर आहे, तिथे ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करते. सहा वर्षं आमची तोंडभेट नव्हती. "आई, जूनमध्ये दोघंही या. एकवीस दिवस. मी तिकिटं काढतेय," ती म्हणाली. मला दुसरं काहीच नको होतं. लेकीसमोर बसायचं आणि बोलायचं, बस्स. मी बिट्टन मार्केटला जाऊन तिच्या आवडीची लसणाची शेव आणली.

ह्यांनी ग्राफपेपर आणला. सायबर कॅफेत चार दिवस बसून तिकडच्या सगळ्या गाड्यांच्या वेळा उतरवून घेतल्या. रोज सकाळी सातला घराबाहेर, संध्याकाळी आठला परत. टेन्बीचा समुद्र, कार्मार्थन, लानेली, नीथ, कार्डिफ. एक अख्खा दिवस पोर्ट टॅलबटला पोलादाचा कारखाना बाहेरून बघायला.

"अहो, कारखाना तर आपल्या गच्चीवरून दिसतो," मी म्हटलं. "आणि ह्यात वंदना कुठे आहे?"

ह्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "नलिनी, जावयाच्या घरात एकवीस दिवस पाय पसरून बसायचं का? माझे वडील लेकीच्या घरी एक रात्रसुद्धा राहिले नाहीत. आपण सकाळी निघायचं, फक्त झोपायला यायचं. त्यांना आपला त्रास नको."

मला भयंकर राग आला. पण ह्यांचा आवाज ऐकून कळलं, की माणूस हौसेने नाही, संकोचाने एवढा फिरायला निघालाय. अशा माणसाशी भांडणार तरी कसं?

फोनवर ह्यांनी सगळा तक्ता वाचून दाखवला. मी कान जवळ नेला. 

"आणि रविवारी?" वंदनाने विचारलं.

"रविवारी गाड्या कमी असतात. पण मी जमवलंय."

"बरं," ती म्हणाली. "मला तक्ता ईमेल करा, बाबा."

हे 'बरं' माझ्या ओळखीचं होतं. शाळेच्या गॅदरिंगला बाबा ओव्हरटाइममुळे येणार नाहीत, असं कळलं की ती अगदी असंच 'बरं' म्हणायची. ह्यांना मात्र वाटलं, तक्ता पास झाला.

स्वान्सीला पोचलो. पहिल्याच सकाळी साडेसहाला हे बूट घालून तयार. बरोबर दशम्या, चटणी, अंथरायला चादर, आणि बॅग सीटला बांधायची साखळी नि कुलूप. दाराशी गेलो तर वंदना आधीच उभी होती, पाठीला पिशवी लावून. आमचे जावई सुरेश आत हसत चहा पीत होते.

"तू कुठे निघालीस?" हे म्हणाले.

तिने पिशवीतून तक्त्याचा प्रिंट काढला. दोन प्रवाशांच्या जागी तिने पेनने तीन केलं होतं, एकवीसच्या एकवीस दिवसांत. "वर्षभराची सगळी रजा टाकलीय," ती म्हणाली. "तुम्ही घरात बसणार नाही, मग मी गाडीत बसते. चला, सात-दहाची चुकेल."

 ह्यांनी स्टेशनपर्यंत दोनदा चष्मा पुसला.

गाडीत ह्यांनी बॅग सीटच्या पायाला साखळीने बांधली. समोरच्या वेल्श बाईने आपली पर्स घाईघाईने जवळ ओढली. तिला वाटलं असणार, इकडे चोर फार झालेत. "किल्ली तू ठेव," म्हणून ह्यांनी ती माझ्या पर्समध्ये टाकली, कारण ह्यांच्या खिशांचा ह्यांनाच भरवसा नाही. खिडकीशी खाडीचं पाणी इतकं जवळ आलं की हे तक्त्यावर खूण करायची विसरले. टेन्बीच्या वाळूत आम्ही दशम्या खाल्ल्या. वंदना सहा वर्षांचं बोलली, आणि हे ऐकत राहिले. परतताना साखळी पुन्हा लागली, किल्ली पुन्हा माझ्याकडे आली.

आता ह्यांचा स्वभाव सांगते. भोपाळला यायचं असलं की हे तासभर आधीच्या बुधनी स्टेशनापासूनच सामान घेऊन दाराशी उभे राहतात. स्वान्सी जवळ आलं तशी मी सवयीने उठले. हे जागचे हलले नाहीत. वंदना ह्यांच्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपली होती.

"अहो, आलं स्टेशन. ही गाडी इथून उलटी फिरून पुढे जाते, तुम्हीच सांगितलं होतं."

"नीथला उतरू," हे कुजबुजले. "अकरा मिनिटांवर आहे."

"तक्त्यात नाहीये ते."

"अगं, बॅगेला कुलूप आहे. किल्ली माझ्या ह्या बाजूच्या खिशात आहे. काढायला गेलो तर जागी होईल ती."

गाडी सुटली. मी पर्सची चेन नीट लावून घेतली आणि खाली बसले. किल्ली आत वाजू नये म्हणून पर्स घट्ट धरून ठेवली.