मिशीमामांच्या गाडीचा डुगडुगता पंखा

मित्रांनो, गॅरेजच्या मागच्या भिंतीशी मोडक्या लोखंडाचा ढीग आहे. त्यात गंजक्या सायलेन्सरखाली वाकड्या पात्यांचा एक पंखा दिसेल. तो मी. मी एका जुन्या व्हॅनच्या इंजिनाचा पंखा आहे. छताला टांगलेला पंखा तुमच्या ओळखीचा असतो, कारण तो तुम्हाला वारा घालतो. मी इंजिनाला वारा घालायचो, म्हणून मला कुणी ओळखत नाही. इंजिन तापलं म्हणजे मात्र सगळ्यांना माझी आठवण होते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्र्यातून कापून, साच्याखाली दाबून मला सहा पाती मिळाली. मग एका बाईंनी मला बारीक दांड्यावर बसवलं आणि बोटानं हलकेच फिरवलं. मी कुठे एका अंगाला जड भरतो का, ते त्या पाहत होत्या. मी फिरून फिरून शांतपणे थांबलो. "हा बघ, किती सरळ आहे," असं त्या शेजारणीला म्हणाल्या. ती माझी पहिली स्तुती. तशी पुन्हा फार वेळा झाली नाही.

व्हॅनमध्ये माझी जागा रेडिएटरच्या, म्हणजे इंजिनाचं पाणी थंड करणाऱ्या जाळीच्या, मागे होती. पाण्याचा पंप आणि मी एकाच दांड्यावर बसलेलो. इंजिन सुरू झालं की पट्टा आम्हा दोघांना फिरवायचा. पंप पाणी खेळवायचा, मी वारा ओढायचो. इंजिन दोन पुढच्या सीटच्या मधोमध होतं आणि त्याच्यावर पत्र्याचं झाकण होतं.

ही व्हॅन ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेची होती. ती चालवायचे मिशीमामा. मुलं बोटांनी बोलत आणि प्रत्येक माणसाला खुणेचं एक नाव देत. मामांचं नाव म्हणजे ओठाच्या कोपऱ्याशी अंगठा आणि बोट जुळवून हवेतच मिशीला दिलेला पीळ. पुढच्या सीटवर एक मुलगी बसायची. तिचं नाव गालावर टेकवलेलं एक बोट. म्हणून शाळेतल्या बाई तिला खळी म्हणायच्या. खळी रोज इंजिनाच्या झाकणावर हात ठेवून बसायची. तिला गाडी ऐकू यायची ती तळहाताला.

मामांनी गाडी जिवापाड जपली. वेळच्या वेळी तेल, वेळच्या वेळी पाणी. वर्षांमागून वर्षं गेली आणि आम्ही कुणाला कधी रस्त्यात उतरवलं नाही.

मग मामांचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू. आधी मागून येणारे हॉर्न अस्पष्ट झाले, मग पाखरं गप्प झाली, मग मामी काय म्हणतात ते ओठांकडे बघून ओळखावं लागू लागलं. घरी ते "हो हो" म्हणून वेळ मारून नेत. शाळेत तर काही अडलंच नाही, कारण तिथे सगळा कारभार हातांचाच होता.

तुम्ही म्हणाल, मग त्यांनी सांगितलं का नाही? त्यालाही कारण होतं. आमच्या गाडीत मुलांना सांभाळायला पूर्वी एक मावशी असत. एका डोळ्यानं धूसर दिसतं, असं त्यांनी मोठ्या बाईंना आपणहून सांगितलं. आठवडा उलटायच्या आत त्यांना शाल आणि फुलं मिळाली, टाळ्या मिळाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून मावशी आल्या नाहीत. त्यांच्या जागी कुणी आलंही नाही. मामा त्या कार्यक्रमात शेवटच्या रांगेत बसले होते. घरी गेल्यावर ते जेवले नाहीत, असं मामी पुढे एकदा म्हणाल्या.

माझ्या दांड्याचं बेअरिंग झिजायला लागलं ते त्याच सुमारास. बेअरिंग म्हणजे दांड्याला धरून ठेवणाऱ्या बारीक पोलादी गोळ्या. त्या झिजल्या की दांडा ढिला पडतो. मी डुगडुगू लागलो. सकाळी थंड इंजिन सुरू होताच घरघर व्हायची, मग इंजिन तापलं की ती दबायची. माझं सरळपण गेलं होतं आणि मला ते कुणाला सांगता येत नव्हतं. मी रोज घरघरत होतो. गाडीत मुलं होती, त्यांना ऐकू येत नव्हतं. मामा होते, त्यांनाही ऐकू येत नव्हतं.

पहिल्यांदा कळलं ते खळीला. एका सकाळी तिनं झाकणावरचा हात उचलला, मामांपुढे धरला आणि थरथरवून दाखवला. मामांनी हात ठेवून पाहिला आणि संध्याकाळी गाडी थेट गॅरेजमध्ये आणली.

गॅरेजचे मिस्त्री हे मामांचे जुने स्नेही. शेजारी लोखंड कापायचं यंत्र करकरत होतं. मिस्त्रींनी झाकण उघडलं, इंजिन चालू ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि मामांच्या कानाशी ओरडून विचारलं, "आवाज कसा येतो, मामा? चीं-चीं करतो की घरघरतो?"

मामा क्षणभर गोंधळले. मग म्हणाले, "चीं-चीं."

"सकाळी, गाडी थंड असताना?"

"छे! तापल्यावर."

"मग पट्टा सैल झालाय. दुसरं काय? तुमच्यासारखा मुरलेला माणूस सांगतोय, म्हणजे मला वेगळं बघायलाच नको."

हो, मित्रांनो, मामा खोटं बोलले. त्यांना आवाज येतच नव्हता, तर तो कसा आहे हे कुठून सांगणार? मिस्त्रींनी नवा पट्टा चढवला आणि चांगला ताणून बसवला. माझं एक पातं जरासं वाकलेलं दिसलं, तेही हातोडीनं ठोकून सरळ केलं. मला ओरडावंसं वाटत होतं की माझ्या पात्यात काही नाही, मी ज्याच्यावर बसलोय तो दांडा धरून हलवून बघा. पण पंख्याचं ओरडणं म्हणजे तीच घरघर, आणि ती त्या करकरीत बुडून गेली.

ताणलेल्या पट्ट्यानं झिजलेल्या बेअरिंगवर आणखी जोर आला. माझा डुगडुगाट वाढला. पंपाच्या पोटाखालून थेंब थेंब पाणी गळू लागलं. मामा रोज सकाळी पाणी भरत आणि ते कुठे जातं याचा विचार करत उभे राहत. खळी रोज हात थरथरवून दाखवी. मामा तिच्याकडे बघून मान डोलवत. गॅरेजमध्ये पुन्हा जायला ते धजत नव्हते. तिथे पुन्हा तेच प्रश्न विचारले जाणार होते.

एके दिवशी शाळा सुटल्यावर मुलांना घेऊन निघालो होतो. आम्ही चढ चढत होतो. बेअरिंग फुटलं, दांडा तिरपा झाला आणि मी पुढे फेकला जाऊन रेडिएटरमध्ये घुसलो. ज्या जाळीला मी आयुष्यभर वारा दिला, तीच मी माझ्या पात्यांनी फाडली. पाणी उडालं, काचेवर वाफ आली. मामांनी गाडी कडेला घेतली, हात धरून एकेका मुलाला फुटपाथवर उतरवलं. खळी पुढच्या सीटवर असल्यामुळे शेवटी राहिली.

इंजिनाचा गरम पाण्याचा पाइप झाकणाखाली शिट्टीसारखा वाजत होता. ज्याला कान आहेत तो त्या आवाजानं चार पावलं मागे सरला असता. रस्त्यावरचा एक सायकलवाला ओरडलाही, "अहो, उघडू नका! थांबा!" मामांची त्याच्याकडे पाठ होती.

त्यांनी झाकणाची कडी काढली. जड झाकण उचलायला खळीनं आपणहून हात लावला. उजवा हात. त्याच क्षणी पाइप फाटला आणि उकळतं पाणी तिच्या हातावर उसळलं.

त्या पोरीची किंकाळी मी ऐकली. ती तिची तिलाही ऐकू आली नाही.

गाडी ओढून गॅरेजमध्ये आणली. दोन दिवसांनी मामा आणि मामी आले. शेजारचं यंत्र त्या दिवशी बंद होतं. मिस्त्रींनी पट्टा काढला, मला दोन्ही हातांनी धरलं आणि पुढे-मागे हलवलं. मी किडलेल्या दातासारखा हललो.

मिस्त्री इंजिनात वाकूनच म्हणाले, "पंख्याचा दोष नाही हा. पंपाचं बेअरिंग गेलंय, आणि आजचं नाही. मामा, घरघर कधीपासून होती?"

मिस्त्रींनी पुन्हा विचारलं. मामा फाटक्या रेडिएटरकडे बघत उभे होते.

मामीच म्हणाल्या, "महिना तरी झाला असेल. सकाळी गाडी सुरू केली की मला स्वयंपाकघरात ऐकू यायची. मी म्हटलं होतं यांना. हे 'हो हो' म्हणाले."

मिस्त्री सरळ झाले. "सकाळी? मला तर म्हणाले, तापल्यावर. आणि चीं-चीं म्हणाले!" ते मामांच्या समोर येऊन उभे राहिले. "मामा, तुम्हाला ऐकू येत नाही का?"

मामांनी त्यांच्या ओठांकडे पाहिलं. या वेळी त्यांनी "हो हो" म्हटलं नाही. ते टायरवर बसले आणि त्यांनी चेहरा झाकून घेतला.

मामींचा आवाज फाटला. "अहो, सगळी शाळा बहिऱ्या मुलांची! तिथे तुम्हाला ऐकू येत नाही म्हणायची लाज वाटली?"

मामींनी ते समोर येऊन, ओठ सावकाश हलवून पुन्हा सांगितलं, तेव्हा मामांना कळलं. "लाज नाही गं," ते म्हणाले. "मावशींना शाल मिळाली ते पाहिलं होतं मी."

मिस्त्री बराच वेळ पाना फडक्यानं पुसत राहिले. तो स्वच्छच होता. "चूक माझीही आहे," ते म्हणाले. "पट्टा काढायचा आणि पंखा धरून हलवायचा, एवढंच तर काम होतं. मी तुमच्या शब्दावर गेलो."

मामा तिथूनच शाळेत गेले आणि मोठ्या बाईंना सगळं खरं सांगून आले. या वेळी टाळ्या नव्हत्या, शाल नव्हती.

खळी वाचली. जखमा भरल्या, पण कातडी आक्रसली आणि उजव्या हाताची बोटं नीट जुळेनाशी झाली. मामी तिला इस्पितळात भेटून आल्या. मिस्त्रींना सांगताना त्यांना मधेमधे थांबावं लागत होतं. "मला बघताच तिनं यांच्याविषयी विचारलं हो. मिशीची खूण करायला गेली. अंगठा बोटाला पोचेना. पुन्हा केली, पुन्हा पोचेना. तिची आई म्हणते, आता सगळ्यांची नावं ती नव्यानं शिकतेय, डाव्या हातानं. बोलायला लागलेल्या बाळासारखी."

व्हॅनला नवा पंप बसला, नवा रेडिएटर बसला. मलाही बदललं, आणि ते योग्यच झालं. वाकलेला पंखा ठोकून पुन्हा लावू नये, तो कधी फुटेल याचा भरवसा नसतो. नवा चालक आला, त्यानं गाडी सुरू केली. एकसारखा, गुळगुळीत आवाज आला. मामा त्या वेळी दाराशी उभे होते. त्यांनी झाकणावर हात ठेवून पाहिला, मान हलवली आणि बाजूला झाले. गाडी निघून गेली. मामा पुन्हा गॅरेजकडे फिरकले नाहीत. मिस्त्रींनी दोनदा निरोप धाडला होता.

आता भंगारवाला येईल आणि मला वितळवायला नेईल. त्याआधी तुमच्याकडे एक मागणं आहे, मित्रांनो. गाडीचा पंखा डुलताना दिसला तर आधी गाडी थांबवा, आणि तो ज्याच्यावर बसलाय ते तपासा. हे मोठ्यांना सांगा. दुसरं मागणं तुमच्यासाठीच आहे. तुमच्या घरात कुणी एकच गोष्ट दोनदा विचारू लागलं, भलत्या प्रश्नाला "हो हो" म्हणू लागलं, तर हसू नका. पाठीमागून "ऐकू येत नाही का?" असं खेकसू नका. समोर जा, त्यांचा हात हातात घ्या आणि हळू विचारा. त्यांनी खरं सांगितलं, तर त्यांच्यासाठी घरात आणि कामावर दुसरी जागा शोधून ठेवा.

मिशीमामांना असं कुणी विचारलंच नाही.