बसायला शिकवणारी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. तुम्ही म्हणाल, खुर्चीच्या आयुष्यात सांगण्यासारखे असते तरी काय? माणूस येतो, बसतो, उठून जातो. पण माझ्यावर बसणे हे कित्येकांना परीक्षेपेक्षा अवघड वाटले, म्हणून माझी हकीकत थोडी निराळी आहे.

माझा जन्म बारामतीचा. पेठेतल्या मोहनरावांच्या गुळाच्या अडतीसाठी सुताराने मला सागवानाची घडवली. बसायला वेताची जाळी विणली आणि हातांवर असा रंधा फिरवला की बोट ठेवताच घसरावे. मोहनराव स्वतः गादीवर लोडाला टेकून बसत. मी होते ती कधीमधी येणाऱ्या साहेबासाठी. साहेब क्वचित येई, मुंग्या मात्र रोज येत. पुढे मोहनरावांच्या मुलाला शिकवायला नीळकंठ मास्तर येऊ लागले. मुलगा पास झाला, तेव्हा मोहनरावांनी खूश होऊन मला मास्तरांच्या घरी पाठवून दिले.

मास्तर हायस्कुलात इंग्रजी शिकवत. त्यांच्या घरचा सगळा कारभार सतरंजीवर. मला त्यांनी खिडकीशी ठेवले आणि माझ्यावर धोतरांच्या घड्या रचल्या. माझा अगदी हिरमोड झाला.

मग रामची गोष्ट घडली. पिंपळीचा राम हा मास्तरांचा लाडका विद्यार्थी. मॅट्रिकला त्याने उत्तम मार्क मिळवले आणि कॉलेजात शिकायला मदत मिळावी म्हणून तो पुण्यातल्या एका संस्थेत गेला. समोरच्या गृहस्थांनी "बसा" म्हटले. शाळेत राम बाकावर बसत असे, पण खुर्ची मास्तरांची आणि साहेबांची, हे त्याच्या अंगात भिनलेले. तो खुर्चीशेजारी जमिनीवर मांडी घालून बसला. खोलीतली माणसे हसली. मनात वाईट आणून हसली नसतील, पण रामची वाचाच बसली. येत होती ती उत्तरेही त्याला देता आली नाहीत.

परत आल्यावर तो म्हणाला, "मास्तर, मला तितं बसायचंच कळलं न्हाय."

पुन्हा त्याने पुण्याचे नाव काढले नाही. त्या दिवशी मास्तरांना अन्न गोड लागले नाही. दुसऱ्या सकाळी माझ्यावरच्या धोतरांच्या घड्या कोनाड्यात गेल्या आणि मी खोलीच्या मधोमध आले.

तेव्हापासून इंग्रजी सहावीतली, म्हणजे मॅट्रिकच्या आदल्या वर्षातली मुले दर रविवारी येऊ लागली. मास्तर ट्रंकेवर बसून पुण्याचे साहेब होत. "या, बसा. आपलं नाव? कॉलेजात कशासाठी जायचंय?" पहिल्यांदा मुले माझ्या कडेला अशी टेकत, की खाली निखारे ठेवले आहेत असे कुणालाही वाटावे. एकाने तर पाय वर घेऊन ऐसपैस मांडी ठोकली. कॉलेजात कशासाठी, असे विचारले की "तुमी म्हनला म्हनून" असे अगदी खरे उत्तर येई. मास्तर न हसता म्हणत, "असं नाही. तुझ्या मनातलं सांग." हळूहळू मुलांच्या पाठी माझ्या पाठीला टेकू लागल्या. माझ्यावरून उठून कितीतरी मुलांनी पुण्याला जाऊन कॉलेजात नाव घातले. मला गर्व झाला, खोटे कशाला बोलू?

अशातच एका रविवारी रतन आली. ती इंदापूरकडच्या वरकुट्याची. बारामतीत आत्याकडे राहून शिकत होती. तिचे वडील कुंडलिकतात्या कालव्याच्या पाण्यावर वांगी, मिरच्या पिकवत. पुण्यातल्या मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली, तरच ते लेकीला कॉलेजात पाठवणार होते. नाहीतर मॅट्रिक होताच ज्येष्ठात तिचे लग्न. स्थळ घर पाहून गेलेही होते. रतनला हे पुरते ठाऊक होते, म्हणून तिने एकही रविवार चुकवला नाही. ती ताठ बसे, नजर वर ठेवी, खणखणीत बोले. मास्तर म्हणत, "ही कुठं अडायची नाही."

पुढल्या वर्षी मॅट्रिकची परीक्षा झाली आणि चैत्रात वसतिगृहाच्या प्रमुख विनयाबाई मुलींना भेटायला स्वतः बारामतीला आल्या. दौंडाहून छोट्या आगगाडीने धूळ खात आल्या बिचाऱ्या. मास्तरांच्या पत्नी मालतीबाईंनी शेजारून आणखी एक खुर्ची मागून आणली. तिच्यावर विनयाबाई बसल्या. मी समोर रिकामी होते. कुंडलिकतात्या वांग्यांची पाटी घेऊन आले होते. ती मालतीबाईंच्या हवाली करून ते दाराजवळ जमिनीवर बसले.

"ये रतन, बस," विनयाबाई म्हणाल्या.

रतन माझ्यापाशी आली. तिचा हात माझ्या पाठीवर पडला. मग तिने दाराकडे पाहिले, आणि ती तशीच उभी राहिली.

विनयाबाईंनी पुन्हा बस म्हटले. रतनने मान खाली घातली. मास्तरांच्या कपाळावर घाम आला. इतके रविवार त्यांनी तिला बसायला शिकवले होते, पण बाप जमिनीवर बसलेला असताना वर कसे बसायचे, ते कधी शिकवले नव्हते. त्यांच्या ध्यानातच आले नव्हते, आणि माझ्याही नाही.

"मुलगी फारच बुजरी दिसते," विनयाबाई मास्तरांना हलकेच म्हणाल्या. "एकटी कशी राहील ती तिथं?"

मला राम आठवला. आता हिचेही तसेच होणार, या भीतीने माझे चारही पाय गळाले.

तेवढ्यात कुंडलिकतात्या उठले. "बाईसाहेब, पोर भित्री न्हाय. आमच्यात बापाम्होरं लेक वर बसत न्हाय. माझ्यामुळं आडलंय."

विनयाबाई ओशाळल्या. "मग आपण सगळेच खाली बसून बोलू या ना."

"न्हाय," तात्या म्हणाले. "तितं पुण्यात तिच्यापायी कोन कोन खाली बसनार? तिला वरच बसू द्या. म्या भाईर हुबा ऱ्हातो." आणि लेकीकडे न बघता म्हणाले, "बस, बाय."

ते चैत्राच्या उन्हात जाऊन उभे राहिले. रतन बसली. त्या वेळी तिचा भार मला जितका जड वाटला, तितका कुणा धिप्पाड साहेबाचाही कधी वाटला नव्हता.

"कॉलेजात कशासाठी जायचंय?" विनयाबाईंनी विचारले.

रतन बोलू लागली. "आमच्या खालच्या रानाला कालव्याचं पाणी आलं, चार पिकं बरी आली, आणि मग जमीन पांढरी पडली. मीठ फुटलं. तात्या रोज सकाळी जाऊन ती माती हातात घेऊन बघतात. पाण्यानं पिकणारं रान पाण्यानंच कसं मरतं, ते मला शिकायचंय."

हे उत्तर मास्तरांनी शिकवलेले नव्हते. बाहेर तात्यांच्या वहाणांची करकर थांबली. विनयाबाई म्हणाल्या, "निकाल लागला की ये. तुझी जागा राखून ठेवते."

रतन पास झाली आणि पुण्याला गेली. दिवाळीत ती वडिलांबरोबर मास्तरांना भेटायला आली. मास्तरांनी बस म्हणताच ती सहज माझ्यावर बसली आणि पाठ टेकून कॉलेजच्या गमती सांगू लागली. प्रयोगशाळा, मैत्रिणी, वसतिगृहातली आमटी. मास्तर हसत होते. माझा आनंद तर गगनात मावेना.

बोलता बोलता ती मधेच थांबली. तिने खोलीभर पाहिले. कुंडलिकतात्या खोलीत नव्हते. कुणी सांगितले नव्हते, तरी ते आपणहून बाहेर जाऊन उभे राहिले होते.

"तात्या, आत या की," तिने हाक मारली.

"असू दे, असू दे," बाहेरून आवाज आला. "तू बोल. हितनं समदं ऐकू येतंय."

रतनचा चेहरा उतरला. ती माझ्यावरून उठली, बाहेर गेली आणि वडिलांचा हात धरून त्यांना ओट्यावर बसवून त्यांच्या पायाशी बसली. उरलेल्या गमती तिने त्यांना सांगितल्या. मी आत रिकामी राहिले. रिकामी राहिले की खुर्चीला वाईट वाटते, पण त्या दिवशी मला वाटले नाही.

आता मास्तर वालचंदनगरला मुलाच्या बिऱ्हाडी राहतात. जाताना त्यांनी मला शाळेला दिले, तेव्हापासून मी शाळेच्या मागच्या खोलीत पडून आहे. वेताची जाळी फाटली आहे, एक पाय डुगडुगतो. मित्रांनो, जमले तर मला नवा वेत विणून घ्या, कारण सहावीतल्या मुलांना मी अजून उपयोगी पडेन. आणि तुमच्यावर खुर्चीत बसायची वेळ येईल, तेव्हा जरूर बसा, पाठ टेकून बसा, खणखणीत बोला. फक्त बोलायला लागण्याआधी दाराबाहेर कोण उभे आहे, ते एकदा पाहा.