शेणकिड्याचं बारसं

माहूरच्या जंगलात मुग्धानं दोन पावसाळे गुरांच्या शेणाशेजारी बसून काढले. येणाऱ्या-जाणाऱ्या भाविकांना वाटे, पोरीनं देवीला काहीतरी अवघड नवस बोललाय. नवसच होता म्हणा. उदगीरच्या एका कॉलेजात ती तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवायची, म्हणजे राबायचं घरच्या सुनेसारखं आणि मान पाहुण्याचाही नाही. कायमच्या जागेची मुलाखत जवळ आली होती. त्यासाठी लेखक म्हणून स्वतःचं नाव असलेला एक तरी भक्कम शोधनिबंध हवा होता.

तो तिला शेणात सापडला. शिंगांची ठेवण, पाठीवरचे ठिपके, नराच्या जननेंद्रियाचा आकार, सगळं जुन्या नमुन्यांशी ताडून तिनं सिद्ध केलं, की ऑन्थोफॅगस वंशातला हा शेणकिडा विज्ञानाला नवा आहे. स्वभावही नमुनेदार. शेणाचा गोळा स्वतः वळायचा नाही. दुसऱ्या किड्यानं मर मर मरून वळलेल्या गोळ्यात गुपचूप शिरायचं आणि तिथंच संसार थाटायचा.

विभागप्रमुख रेणुकादास सरांनी निबंध वाचला, म्हणजे पहिलं पान वाचलं. लेखक म्हणून तिथं एकट्या मुग्धाचं नाव पाहून त्यांना तिची दया आली. त्यांनी वर आपलं नाव घातलं आणि त्याच्याही वर संस्थाध्यक्ष अमृतरावांचं. या संस्थेत पाण्याच्या टाकीवरसुद्धा अमृतरावांचं नाव होतं, मग किड्यानंच काय घोडं मारलं? म्हणून किड्याचंही नाव ठरलं, ऑन्थोफॅगस अमृतरावी.

परदेशातल्या नियतकालिकाच्या संपादकानं नम्रपणे कळवलं, की लेखकानं स्वतःचंच नाव नव्या जातीला देणं शिष्टाचाराला धरून नाही. थोडक्यात, एक तर लेखक व्हा, नाहीतर किडा.

अमृतरावांनी स्टाफची बैठक बोलावली. "ह्यो किडा खातो काय?" त्यांनी पहिल्यांदाच विचारलं.

"शेण," मुग्धा म्हणाली.

अमृतरावांनी समोरचा निबंध हातभर लांब सरकवला. "इलेक्शन तोंडावर हाय. माझं नाव लेखकातच ऱ्हाऊ द्या. किड्याला ह्या पोरीचं नाव देऊन टाका. लई राबली बिचारी."

टाळ्या पडल्या. शाल-श्रीफळ संस्थेच्या कपाटात कायम तयारच असे. मुग्धाच्या खांद्यावर शाल आली, पुढं नारळ आला आणि तिनं तो घेतला. तिथंच चुकलं. रेणुकादास सरांनी घसा साफ केला.

"मॅडम, तोच नियम आता तुम्हालाही लागू. लेखकांतून तुमचं नाव काढून राहिलो."

"सर, निबंध मी लिहिलाय. किड्याला माहूरचं नाव देऊ."

"साहेबांचा शब्द मोडायचा का? नारळ घेतलाय तुम्ही."

हातात नारळ असताना भांडता येत नाही. तिला रडू आलं, तेही सगळ्यांनी आनंदाश्रूंत जमा धरलं.

यथावकाश निबंध छापून आला. किड्याचं नाव ऑन्थोफॅगस मुग्धाए, लेखक अमृतराव आणि रेणुकादास. एकदा छापलेलं नाव मनात आलं म्हणून कुणालाही बदलता येत नाही, असा या शास्त्राचा कायदा आहे.

मुलाखतीला मधल्या खुर्चीत अमृतराव होते, एका बाजूला सर आणि दुसऱ्या बाजूला नांदेडहून आलेल्या तज्ज्ञ बाई. बाईंनी कागद चाळले. "तुमचा एकही शोधनिबंध दिसत नाही."

"हिच्या नावाचा किडा हाय की," अमृतराव कौतुकानं म्हणाले.

"त्याला गुण नसतात, साहेब." बाईंना मुग्धाची थोडी कणव आली असावी. "बरं, या किड्याचं वैशिष्ट्य तरी सांगा."

मुग्धानं आधी अमृतरावांकडं पाहिलं, मग सरांकडं.

"स्वतः गोळा वळत नाही, मॅडम. दुसऱ्यानं वळलेल्या गोळ्यात शिरून बसतो." तिनं समोरचे कागद गोळा केले आणि उठली. "नाव तेवढं चुकून माझं पडलं."