मधलं तारघर

"थांब नं बे, मधात बोलू नोको!" देवाजी निकुरे लालसूवर खेकसला.

तारयंत्राचं कडकट्ट थांबताच त्याने घड्याळ पाहून तक्त्यात आकडा टाकला. नागभीडहून आलेली तार उतरून घ्यायला तीन मिनिटं. मग तीच तार त्याने दुसऱ्या यंत्रावर कुरखेड्याकडे वाजवली. चार मिनिटं. सालेटोल्याच्या तारघरात एकोणीस वर्षं तो हेच करत आला होता. पण साहेबांनी हा मिनिटांचा तक्ता मागितल्यापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं.

"काऊन एवढे चिडून राह्यले, बाबूजी?" लालसूने विचारलं. जंगलातल्या खांबांवरची तार सांभाळणारा हा लाईनमन.

"साहेब म्हनते, मधातला टप्पाच काढून टाकू. नागभीडवरून सरळ कुरखेडा. मंग माही बदली तिकडं दूर सिरोंच्याले."

सिरोंच्याचं नाव निघालं की आतल्या घरात त्याची बायको वच्छला भांडं आपटत असे. तिची आंधळी आई दोन घरं सोडून मुलाकडे राहायची आणि लेकीच्या हातचंच खायची.

हात कमी तर उशीर कमी, हे साहेबांचं म्हणणं कुणालाही पटावं असं होतं. पण तार लांबली की वाटेत आवाजाचा जीव जातो, हे लालसूलाही कळत होतं. "वावराच्या धुऱ्यावरून हाक मारल्यावानी आहे," तो म्हणे. "दूरच्याले दहादा बोंबलाव लागते. मधात एकजन उभा असला तं एकदाच."

गुरुवारी साहेब आले आणि चाचणी झाली. सरळ पाठवलेली तार कुरखेड्याला नीट ऐकूच जाईना. चारदा वाजवली, पाऊण तास गेला. तीच तार देवाजीमार्फत नऊ मिनिटांत पोहोचली.

"मधला टप्पा हवा, निकुरे. मान्य," साहेब म्हणाले. "परवा तक्ता पुरा करून द्या."

देवाजी घरात गेला तो छाती काढूनच. वच्छला आठ दिवसांत पहिल्यांदा हसली.

शुक्रवारी नागभीडकडून येणारी मोटार तारघरापुढे पाणी भरायला थांबली. एक बाई उतरून ओट्यावर टेकली. हातात बांगड्या नव्हत्या. देवाजीने पाण्याचा गडू दिला, नाव-गाव विचारलं. सोमारी, कुरखेड्याजवळच्या टोल्यावरची. त्याला एकदम मंगळवारची तार आठवली: जंगू अत्यवस्थ आहे, नागपूरच्या दवाखान्यात ताबडतोब या.

"तार कवा भेटली तुले, बाई?"

"मोटार गेल्यावर, जी. मंग दुसऱ्या दिवशीची धरली." ती पदराचं टोक पिळत राहिली. "पोचली तं तो सकाळीच गेल्ता. रातभर इचारत होता म्हने, आली का म्हून." मग तिनेच त्याला समजावलं, "तुमी तरी काय करान, बाबूजी? तार दुरून येते. वेळ तं लागनारच."

नागभीडहून ती तार दहा वाजून दहा मिनिटांनी देवाजीच्या हातात आली होती. कुरखेड्याहून मोटार अकराला सुटते. पण त्याच्यापुढे ठेकेदाराची सागवानाच्या लिलावाची लांबलचक तार होती, तिच्यामागे आणखी तीन, आणि वाजवणारा हात एकच. सोमारीची तार पुढे गेली तेव्हा बाराला दहा कमी होते. एक तास चाळीस मिनिटं ती त्याच्या टेबलावर पडून होती. तक्त्यात त्याने फक्त उतरवण्या-वाजवण्याची आठ मिनिटं लिहिली होती.

"दुरून नाई, माय," तो म्हणाला. "तुही तार मायाजवळच पडून होती."

सोमारीने गडू खाली ठेवला. त्याच्याकडे नुसतं पाहिलं. ड्रायव्हरने भोंगा वाजवला, तशी ती मोटारीत चढली.

त्या दुपारी देवाजी तारघरात येरझारा घालत होता. शेवटी त्याने आठचा आकडा खोडला, खरा लिहिला, आणि खाली शेरा मारला: 'मधला टप्पा हवाच. पण तिथे रिलेचं यंत्र बसवावं. ते ऐकता ऐकताच पुढे वाजवतं. माणसाची जरुरी नाही.'

"आपल्याच पायावर धोंडा काऊन मारून राह्यले जी?" लालसू कळवळला.

"धोंडा तिच्या पायावर पडला ना बे," देवाजी म्हणाला.

महिन्याभरात रिले आली, आणि तिच्याबरोबर सिरोंच्याचा हुकूमही. पहिली तार नागभीडहून सुटली तेव्हा देवाजी सवयीने पुढे सरकला. पण यंत्राचं कडकट्ट त्याला ओलांडून गेलंसुद्धा.

"गेली?" वच्छलाने दारातून विचारलं.

"गेली. पोरगी झाली कोनाले तं. मी आयकली तवाच बापाच्या गावाले पोचली."

"एवढ्या लवकर?"

"हो."

वच्छलाने डोक्यावर पदर घेतला आणि ती आईला सिरोंच्याचं सांगायला निघाली.