बोळातली झारी

म्युरिएल हॉइलने बॉयलरच्या पांढऱ्या पत्र्यावर हलकेच थोपटलं, आजारी माणसाच्या पाठीवरून हात फिरवावा तसं, आणि लाल बटण पुन्हा दाबलं. आत काहीतरी गुडगुडलं, क्षणभर ज्योत पेटल्याचा आवाज झाला आणि सगळं गप्प. तिच्या अंगात दोन स्वेटर, त्यावर नवऱ्याचा, डेरेकचा ओव्हरकोट, पायात त्याचेच लोकरी मोजे होते. स्वयंपाकघरातला पारा आठवर होता. बाहेर तो शून्याच्या किती खाली गेलाय हे बघायची तिला इच्छाच नव्हती.

"सारखं बटण दाबू नका, आजी," गुडघ्यांवर बसून हत्यारांची पेटी उघडत बॉयलर दुरुस्त करणारी नाझिया म्हणाली. "बिचारा आधीच घाबरलाय."

हॅलिफॅक्सच्या त्या चढावरचे निम्मे बॉयलर शनिवारपासून बंद होते आणि ही पोरगी दोन दिवस घरोघर फिरत होती. म्युरिएलचा नंबर लागायला सोमवार उजाडला. थंडी तिने सोसली असती, पण मनाला लागलं होतं ते वेगळंच. गेले नऊ हिवाळे गल्लीतले बॉयलर एकामागून एक माना टाकत असताना म्युरिएलचा एकदाही कुरकुरला नव्हता. तो डेरेकने निवडलेला होता. हॉस्पिटलच्या खाटेवर कॅटलॉग मांडीवर घेऊन त्याने सप्टेंबरात हाच हवा म्हणून सांगितलं आणि ऑक्टोबरात तो गेला. बॉयलर बसला नोव्हेंबरात. तेव्हापासून कडाक्याच्या थंडीत घर उबदार राहिलं की म्युरिएल मनात म्हणायची, आहे, लक्ष आहे त्याचं. चर्चमध्ये, भाजीच्या दुकानात, केस कापणाऱ्या मुलीला, सगळ्यांना तिने हे इतक्या वेळा सांगितलं होतं की ऐकणाऱ्यांचे कान किटले होते.

नाझियाने झाकण काढलं, आत टॉर्च मारला आणि थोड्याच वेळात परत बसवलं. बॉयलरला काही झालेलं नाही, ती म्हणाली. त्याच्या पोटात जे पाणी साठतं ते बाहेर नेणारी नळी गोठली आहे. पाणी तुंबलं की तो आपणहून बंद होतो, शहाणा आहे. नळीवर कोमट पाणी ओतलं की झालं.

"कुठे निघते ती बाहेर?"

म्युरिएलने भिंतीकडे बोट दाखवलं. नळी निघत होती शेजारच्या बोळात, आणि बोळ होता विल्फ सग्डनचा.

सग्डनशी तिचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं आणि त्याचं मूळ ही नळीच होती. डेरेकला पुरून तीन आठवडे झाले होते. बॉयलर बसवणाऱ्याने कुणाला न विचारता भिंतीला भोक पाडलं आणि नळी पलीकडे सोडून दिली. संध्याकाळी सग्डन दारात उभा. नळीचं पाणी फरशीवर ठिबकणार, थंडीत त्याचा बर्फ होणार आणि कुणीतरी घसरून हाडं मोडून घेणार, असं त्याचं म्हणणं. बोलला त्यात काही चूक नव्हतं. पण नवरा जाऊन महिनाही न झालेल्या बाईकडे हा माणूस नळीची तक्रार घेऊन येतो, याचाच तिला संताप आला. "पडाल तेव्हा बघू," ती म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं. पुढे एकदा माफी मागावीशी वाटली होती. दुसऱ्या वर्षी वाटलं, आता फार उशीर झाला. त्यानंतर न बोलण्याचीच सवय होऊन गेली.

"शेजारच्या सग्डनला विचारल्याशिवाय बोळात जाता येणार नाही," ती म्हणाली. "आणि मी काही विचारणार नाही. तिसरा स्वेटर घालेन."

नाझियाने तिच्याकडे नीट बघितलं. सकाळपासून म्युरिएल खोकत होती, आणि तो खोकला काही घशातला नव्हता.

"हा खोकला घेऊन तुम्ही या घरात आणखी एक रात्र काढायची नाही. एक तर नळी, नाहीतर बहिणीचं घर. कुठलं ते सांगा."

बहिणीकडे राहायला जायच्या नुसत्या कल्पनेनेच म्युरिएलने मुकाट्याने किटली भरून दिली.

नाझिया परतली ती हात चोळत. दार वाजवलं तर कुणी आलं नाही, पण फाटक उघडंच होतं, म्हणून ती आत गेली होती. नळीतून बर्फाची वीतभर कांडी निघाली होती. तिने बटण दाबलं. बॉयलर गुरगुरला, पेटला आणि पेटलेलाच राहिला. भिंतीवरचे हीटर टकटक करू लागले. म्युरिएलने डोळे मिटून एका हीटरवर दोन्ही हात ठेवले.

"एक सांगा आजी," नाझिया म्हणाली, "दर थंडीत नळीवर पाणी कोण ओततं?"

"कुठलं पाणी?"

"अहो, एवढी लांब उघडी नळी नऊ वर्षं गोठली नाही, असं होणंच शक्य नाही. फडकी गुंडाळलीत तिला, एकावर एक, जुनी-नवी. आणि तिथेच एक झारी आहे, झाडांना पाणी घालायची. त्या बोळात तर साधी कुंडीसुद्धा नाही."

म्युरिएलने हीटरवरचे हात उचलले. डेरेक नव्हता तर. पहिल्यांदा तिला तेवढंच कळलं, आणि नऊ वर्षांपूर्वीचं दुःख जसंच्या तसं परत आलं. एक माणूस पहाटेच्या थंडीत कोमट पाण्याची झारी घेऊन तिच्या भिंतीशी येत होता, आणि ती गावभर भलत्याचेच आभार मानत फिरत होती.

"भरलेली आहे का झारी?" तिने विचारलं. आपण काय विचारतोय हे तिचं तिलाही कळलं नाही.

"आडवी पडलीय. फरशीला चिकटून गोठलीय, मला हलवता आली नाही. नुसती काच झालीय तिथे, मीच घसरणार होते."

गेल्या गुरुवारी सकाळी गल्लीच्या तोंडाशी अँब्युलन्स उभी होती. म्युरिएलने पडद्याआडून पाहिली होती. कुणासाठी आली असेल ते बाहेर जाऊन विचारलं असतं तर कळलं असतं, पण बाहेर सग्डन उभा असेल म्हणून ती गेली नव्हती.

नाझिया नळीला बांधायचा फोम आणायला गाडीकडे निघाली, तेव्हा म्युरिएल फडताळातून मिठाचा डबा काढत होती. घसराल, मी येते बरोबर, असं नाझियाने दोनदा सांगितलं. म्युरिएलने ऐकलं नाही. तिने फाटक ढकललं आणि बर्फ वितळावा म्हणून मुठीमुठीने मीठ टाकत, टाकलेल्या मिठावर पाय देत ती बोळात शिरली. झारी तिथेच होती, हिरवी, मुठीला सुतळी गुंडाळलेली. तिच्याभोवती म्युरिएलने जरा जास्तच मीठ टाकलं. मग सग्डनचं दार वाजवलं, आणि कुणी आलं नाही तेव्हा पुन्हा वाजवलं.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. सग्डन फार म्हातारा झाला होता. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. त्याने तिच्या अंगावरचा डेरेकचा कोट बघितला, मिठाचा डबा बघितला आणि मग तिच्या भिंतीकडे मान वळवली.

"सुरू झाला का?"

"झाला."

"डाव्या हाताने झारी उचलत नाही," तो म्हणाला. "तीन दिवस बघतोय प्रयत्न करून."

म्युरिएलने वळून आडव्या पडलेल्या झारीकडे बघितलं.  सग्डनच्या तोंडाची एक बाजू किंचित वर गेली.

"पडलो, मिसेस हॉइल."

म्युरिएलने डबा काखेत धरला आणि पायपुसण्यावर डेरेकचे मोजे पुसले.

"म्हणून तर बघायला आले," ती म्हणाली.