एका फाईलला एकच टोकन

आमच्या घरात राग यायचा मान माझा, आणि त्या दिवशी कारणही तसंच होतं. सासूबाईंवरची फिल्म उघडेना. स्क्रीनवर एवढंच : ‘फाईल खराब झाली आहे.’ तीस वर्षं मुलांना पोहायला शिकवून त्या पुढच्याच्या पुढच्या शनिवारी निवृत्त होणार होत्या. मी आणि धाकटी नणंद त्यांच्या नकळत फिल्म जोडत होतो. चित्रं माझ्याकडे, आवाज तिच्याकडे, मध्ये दोन गल्ल्या.

“वहिनी, मी दोनच मिनिटं उघडली होती,” नणंद फोनवर म्हणाली.

“मी पण तेव्हाच उघडली होती की गं!”

फाईल क्लाउडमध्ये होती आणि आम्ही दोघी तिच्यावर तिथल्या तिथेच काम करत होतो. माझे बदल वर चढताहेत तोच तिचे चढले आणि सगळा विचका झाला. अकरा दिवसांची मेहनत गेली.

सासऱ्यांनी पेपर बाजूला ठेवला. ते एकेरी मार्गावरच्या छोट्या स्टेशनचे निवृत्त स्टेशनमास्तर.

“म्हणजे एका रुळावर दोन्हीकडून गाड्या सोडल्यात तुम्ही. टक्कर होणार नाही तर काय? आमच्याकडे टोकन हातात असल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवायचा नाही. आणि टोकन एकच.”

संध्याकाळपर्यंत त्यांनी रेल्वेतल्यासारखं टोकन तयार केलं. तुटक्या बॅडमिंटन रॅकेटची कडी, तिला लोंबणारा मोजा, मोज्यात रबरी चेंडू. टोकन जिच्याकडे, तीच फाईल उघडणार. काम आपल्या कॉम्प्युटरवर करायचं, क्लाउडमध्ये नाही. “डबे शेडमध्ये दुरुस्त करतात, धावत्या गाडीत नव्हे.” काम संपलं की फाईल बंद करून, तारीख घालून नवी प्रत वर पाठवायची, जुनी पुसायची नाही, आणि प्रत पूर्ण चढल्याची हिरवी खूण दिसेपर्यंत टोकन सोडायचं नाही. ने-आण ते स्वतः करणार.

मला हसूही आलं आणि चीडही. पण पहिल्यापासून पुन्हा जोडायला घेतलेली फाईल परत रुसली नाही. एकदा मध्येच लाईट गेले आणि माझी प्रत बिघडली, तर आदल्या दिवशीची होतीच. तासाभराचं काम परत केलं. सासरे मोजा मिरवत दिवसाला चार फेऱ्या मारत. डॉक्टर जे दोन वर्षं सांगून थकले होते, ते आपोआप झालं.

शनिवारी पाचला कार्यक्रम. शेवटची नावं मला घालायची होती आणि दोनला येणाऱ्या टोकनचा तीन वाजले तरी पत्ता नव्हता. नणंद फोन उचलेना. कालची प्रत समोर होती. हात शिवशिवत होते. तिच्यातच नावं घालून मोकळं व्हावं, कोण बघतंय? मी माउसला हातही लावला. मग स्वतःलाच दटावलं आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले.

साडेतीनला सासरे धापा टाकत आले. केस ओले.

“बाबा, होतात कुठे? माझा जीव टांगणीला लागलाय!”

“हिरवी खूण येईना. खूण नाही तर गाडी नाही. आता लाइन क्लिअर.”

मी फाईल उघडली. शेवटी चाळीस सेकंदांचा नवा तुकडा होता, नणंदेनं त्याच दिवशी टिपलेला. कालच्या प्रतीवर भागवलं असतं तर तो राहूनच गेला असता. तो बघितल्यावर नावं घालताना मला अक्षरं धड दिसेनात.

हॉल खचाखच भरला होता. फिल्म कुठेही अडखळली नाही. मोठी झालेली मुलं, त्यांची मुलं, शिट्ट्या, हशा. आणि मग पडद्यावर सासरे आले, तलावाच्या उथळ बाजूला, काठाची दांडी घट्ट धरून. सासूबाईंकडे हजारो मुलं पोहायला शिकली, पण सदतीस वर्षांच्या संसारात या माणसानं कधी पाण्यात पाय घातला नव्हता.

“मॅडम, एका विद्यार्थ्याचं नाव घालायचं राहिलं होतं,” ते म्हणाले, नाक धरलं आणि पाण्याखाली गेले.

सासूबाई डोळे पुसत ताडकन उभ्या राहिल्या आणि पडद्याकडे बघून ओरडल्या, “अहो, नाक सोडा आधी! नाक धरून कुणी पोहतं का?”

हॉल हसून हसून लोटपोट. त्या शेजारच्या खुर्चीतल्या खऱ्या नवऱ्याकडे वळल्या.

“सोमवारी सकाळी सहाला यायचं. उशीर चालणार नाही.”