शर्यतीचे शॉकअप

धर्मा भोईर गाडी हलवायला सांगायला आला तेव्हा मंदा नुकतीच कारखान्यातून परतली होती. स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करून तिच्या बोटांच्या पेरांत काळी भुकटी बसलेली असे आणि ती साबणाने जात नसे.

"मंदा, ती गाडी आता काढ तिथून," धर्मा दारातच उभा राहून म्हणाला. "पुढल्या महिन्यात पायाचं खोदकाम हाय. मी थांबलो असतो, पण माझी पोरं ऐकत न्हाय."

मुंबईच्या वेशीवरच्या नवघरची ती चाळ धर्माची, मागची मोकळी जागाही त्याचीच. त्याच्या बापजाद्यांची मिठागरं होती. आता मीठ पिकवण्यापेक्षा जमिनीवर इमारत बांधणं बरं, असं त्याच्या मुलांचं म्हणणं होतं. दीड वर्ष त्याने त्या मोडक्या गाडीला झापाखाली जागा दिली होती आणि भाडं मागितलं नव्हतं. मंदा त्याला काय बोलणार? ती म्हणाली, "काढते, दादा."

आत खाटेवर राघो पडला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. कमरेखाली त्याला काही कळत नसे, पण कान तल्लख होते.

राघो पाष्टे मूळचा संगमेश्वरकडचा. बोरिवलीच्या एका गॅरेजात तो मेकॅनिक होता. पैसे साठवून त्याने दोन दारांची एक जुनी हेराल्ड मोटार घेतली होती. पुढे वांद्र्याच्या एका साहेबाने शर्यतीचा नाद सोडला, तेव्हा त्याच्या गाडीचा सगळा खालचा साज राघोने उचलला. धक्के झेलणारे परदेशी शॉकअप चार, पुढच्या आखूड कडक स्प्रिंगा, मागची चाकं जागच्या जागी धरणारे दोन जाड दांडे. ते बसवल्यावर हेराल्ड जमिनीला टेकल्यासारखी बसकी दिसू लागली. जुहूच्या धावपट्टीवर तो एकदा शर्यतीत उतरला आणि त्याच्या गटात दुसरा आला. त्या दिवशी मंदाही गेली होती. तिला आवाजाने डोकं दुखल्याचं आठवे, आणि गाडीतून उतरलेल्या नवऱ्याचा हसरा चेहरा.

मंदाचा धाकटा भाऊ सदू मुंबईला गिरणीत लागायला आला होता. गिरणीत काम मिळालं नाही, म्हणून तो भावोजींच्या हाताखाली शिकू लागला. तेवीस वर्षांचा होता. एका रविवारी सकाळी दोघे गाडी पळवून बघायला घोडबंदर रस्त्याने गेले. चेन्याच्या वळणावर गाडी डावीकडे ओढली गेली आणि दगडी कठड्यावर आदळली. सदू जागीच गेला. राघोचा मणका मोडला.

सदूचं कार्य उरकल्यावर मंदाची आई सरूबाई इस्पितळात आली. खाटेच्या पायथ्याशी उभी राहून तिने जावयाला विचारलं, "माझ्या पोराला तूच मारलंस ना?"

"होय," राघो म्हणाला.

सरूबाई तशीच वळली आणि गावी निघून गेली. परत कधी आली नाही.

धर्मा गेल्यावर मंदाने विषय काढला. "पत्रा भंगारात जाईल. पण खालचा माल विकला तर तुमच्या जखमांचं औषध होईल. डॉक्टर म्हणतायत, पाठीची जखम पडून पडून हाडापर्यंत गेलीय. इस्पितळात ठेवायला हवं."

राघो म्हणाला, "कर्णिकला निरोप धाड. दादरला असतो. शर्यतीवेळी मागे लागला होता, हे शॉकअप मला दे म्हणून."

कर्णिकचं उत्तर आलं, रविवारी येतो, माल सोडवून ठेवा. मंदा म्हणाली, "गॅरेजमधल्या कुणाला बोलावू का? दाजी येईल, तुमच्या शेजारीच काम करायचा."

"गॅरेजमधलं कुणी नको."

"मग सोडवणार कोण?"

"तू. मी सांगतो तसं कर."

तिला वाटलं, लाज वाटत असेल त्याला, जुन्या दोस्तांनी असं पडलेलं बघायची. शनिवारी तिने खाडा केला. धर्मा आणि शेजारच्या एकाने खाट उचलून मागच्या मोकळ्या जागेत आणून ठेवली. राघो कुशीवर होता, उशाखाली घोंगडी, तोंड गाडीकडे. दीड वर्षात तो पहिल्यांदाच आभाळाखाली आला होता. उन्हाने त्याच्या डोळ्यांतून पाणी येत राहिलं.

मंदाला ती गाडी नजरेसमोर नको असे. आज ती पदर खोचून तिच्या खाली शिरली.

"आधी तारेने स्प्रिंग आवळून बांध. चार ठिकाणी. सैल राहिली तर उडून तोंड फोडेल."

"बांधली."

"आता मोठा पाना घे. उलटा फिरव. गंजलंय, रॉकेल टाक आणि थांब जरा."

पान्यावर जोर देताना तिचे हात सोलवटले. दोनदा पाना निसटून ती कोपरावर पडली. राघो घाई करत नव्हता. कुठला नट आधी, कुठला मग, हे तो डोळे मिटून सांगे, जणू त्याचे स्वतःचेच हात चाललेत. पुढचे दोन निघाले, तेव्हा तिने ते फडक्याने पुसून त्याच्या खाटेवर ठेवले. त्याने एकाची दांडी हळूच आत दाबून सोडली. ती सावकाश, एका लयीत वर आली.

"अजून जिवंत आहे बघ," तो म्हणाला. मंदाला हसू आलं. किती दिवसांनी आलं, तिला कळेना.

मागचं उजवं चाक अवघड होतं. तिथे जाड दांड्याच्या बोल्टाला खाचांचा नट होता आणि त्यातून आरपार एक पिन घातलेली. "आधी ती पिन सरळ करून ओढून काढ," राघोने सांगितलं, "ती असेपर्यंत नट फिरायचा नाही. तेवढ्यासाठीच असते ती." पिन निघाली, नट निघाला, दांडा निघाला, तिसरा शॉकअपही निघाला.

ती डावीकडे वळली तसा राघो म्हणाला, "पुरे. तो चौथा वाकलाय. त्याला हात लावू नको."

"कर्णिक चार घेणार आहे. तीन घेऊन तो काय करेल?"

"वाकलाय म्हणतो ना मंदे. सोड."

ती ऐकायला थांबली नाही. दुपार कलली होती आणि तिला हे एकदाचं संपवायचं होतं. खाली सरपटत जाऊन तिने बघितलं. शॉकअप वाकलेला नव्हता. पण दांड्याचा बोल्ट अर्धा बाहेर आला होता. त्यावर नट नव्हता. पिनेचं भोक रिकामं होतं. आत गंज आणि माती.

ती बाहेर आली आणि गाडीला टेकून बसली.

"इकडे पिन नाही," ती म्हणाली. "नटसुद्धा नाही."

राघोने मान उशीत फिरवली. "माझ्या हातून राहिली घालायची."

"तुमच्या?"

"हो. माझ्याच."

अपघाताच्या आदल्या दिवशीची, शनिवारची संध्याकाळ मंदाला आठवली. सदू काळ्या हातांनी जेवायला बसला होता, म्हणून ती त्याच्यावर ओरडली होती. तो म्हणाला होता, ताई, आज मागचं डावं चाक मी एकट्यानं बसवलं. भावोजींनी बघितलंसुद्धा नाही, एवढा विश्वास. तिने त्याला त्या खुशीत आणखी एक भाकरी वाढली होती.

"डावं चाक सदूने बसवलं होतं," ती म्हणाली. "त्याने मला सांगितलं होतं."

राघो खाटेवरच्या शॉकअपची दांडी दाबत राहिला.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"गाडी ओढली गेली तेव्हाच कळलं. दुसरं काही असूच शकत नव्हतं." तो थांबून थांबून बोलत होता. "पण बघायचं काम माझं होतं. शिकाऊ माणसाचं काम तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढतात का? म्हणजे माझ्याच हातून ना. दाजीला बोलावलं असतं तर त्याने एका नजरेत ओळखलं असतं, हे शिकाऊ हाताचं काम. आज गॅरेजात, उद्या गावाकडे. तुझी आई मला शिव्या देऊन जगतेय. पोराने स्वतःच्या हाताने स्वतःला मारलं, हे कळलं तर कशावर जगेल?"

"आणि मी?" मंदाचा आवाज चढला नाही. "दीड वर्ष मी तुमचं हगणंमुतणं काढतेय. रोज कूस बदलताना मनात म्हणते, या माणसाने माझा भाऊ मारला. रोज. मला तरी सांगायचं होतं."

"तुला कुणाचा तरी राग करायला हवा होता. मेलेल्याचा कसा करणार?"

ती उठली. चौथा शॉकअप आणि दांडा तिने त्याला न विचारताच सोडवला. त्यानेही काही सांगितलं नाही. आता तिला येत होतं.

रविवारी कर्णिक आला. गोरा, गबाळा माणूस, बोटांत सिगारेट. खाट आत नेलेली होती; तो दाराशीच उकिडवा बसून माल बघू लागला. प्रत्येक शॉकअप दाबून बघितला, स्प्रिंगा दगडावर आपटून आवाज ऐकला.

"वहिनी, ठोकलेल्या गाडीचा माल आहे ना?"

"हो. त्यात माझा भाऊ गेला."

त्याने हात आवरला. सिगारेट विझवली. "सॉरी. मला राघो जखमी झाला एवढंच माहीत होतं." थोड्या वेळाने त्याने चाचरत विचारलं, "माल कशाने फेल गेला, काही कळलं का? मला तो गाडीत बसवायचाय, म्हणून विचारतोय."

"माल चांगला आहे," मंदा म्हणाली. "डाव्या दांड्याला पिन घातलेली नव्हती. नवीन बोल्ट घ्या आणि पिन घालून दोनदा बघा."

"पिनच नव्हती? बसवलं कुणी होतं?"

आतून राघोचा आवाज आला. "मी."

कर्णिकने मंदाकडे पाहिलं. तिने मान खाली घालून शॉकअप गोणपाटात गुंडाळायला घेतले. काही वेळाने म्हणाली, "ह्यांनीच."

पैसे मोजून देऊन, माल रिक्षात टाकून कर्णिक गेला. गाडीचा पत्रा आठवड्याभरात भंगारवाल्याने नेला आणि धर्माच्या मुलांनी तिथे चुन्याच्या रेघा मारल्या. राघोला इस्पितळात ठेवलं. पाठीच्या जखमेतलं विष अंगात पसरलं होतं, डॉक्टरांनी उशीर झाल्याचं सांगितलं. शेवटच्या दिवसांत तापात तो पान्यांचे आकडे बोलायचा. मंदा त्याच्या उशाशी बसून 'हो, दिला' म्हणायची. आता तिच्या मनात राग शोधूनही सापडत नव्हता. त्याच्या जागी काही आलंही नव्हतं. फाल्गुनात तो गेला.

सरूबाई संगमेश्वरहून एसटीने आली. चाळीतल्या बायकांनी तिला वाट करून दिली. ती प्रेताजवळ बसली, रडली नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझ्या पोराला खाल्लं यानं. देवानं उशिरा का होईना, हिशेब केला."

मंदा नवऱ्याच्या डोक्याशी होती. तिने तोंड उघडलं. रिकामं भोक, गंज, सदूचे काळे हात, सगळं तिच्या जिभेपर्यंत आलं. आईच्या डोक्याचे केस पार पांढरे झाले होते. दीड वर्षापूर्वी ते काळे होते.

"आई, बाहेर जाऊन बस," मंदा म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"माझ्या नवऱ्याच्या उशाशी बसून असं बोलायचं नाही. बाहेर जा."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सरूबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. "भावापेक्षा तुला हा मोठा झाला," एवढंच म्हणाली. पाण्याचा घोटही न घेता ती स्टेशनकडे चालू लागली. तिच्या मागून जावं असं मंदाला वाटलं, पण तेवढ्यात तिरडी बांधणारे आले.

त्यानंतर मायलेकी बोलल्या नाहीत. मंदा धर्माच्या चाळीतच राहिली, कारखान्यात जात राहिली. काही वर्षांनी गावाहून तार आली, तेव्हा ती एसटीने गेली. पण पोचेपर्यंत सरूबाईला नेलं होतं. घरात चुलत काकू होती. तिने मंदाला चहा दिला आणि सांगत बसली, "तुझी आई शेवटपर्यंत सदूचंच बोलायची बघ. म्हणायची, माझ्या सदूच्या हाताला गुण होता, एकट्यानं गाडी बांधायचा. तो असता तर मुंबईत स्वतःचं गॅरेज टाकलं असतं. खरं गं?"

"हो," मंदा म्हणाली. "चांगला हात होता त्याचा."

चहा संपवून तिने कप विसळून पालथा घातला आणि परतीची एसटी केव्हा आहे ते विचारलं.